राईएवढें कथील



"शॉर्ट सर्किट" हा शब्द आज घरांतल्या आजीबाईंपासून शाळकरी मुलापर्यंत सर्वांच्या ओळखीचा आहे. कोठें गोदाम जळालें, कोठें दुकानाला आग लागली, कीं दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत "शॉर्ट सर्किटमुळें" एवढा एक शब्द छापून येतो आणि वाचणाऱ्याचें समाधान होतें. जणूं कांहीं तें एखादें दैवी अरिष्टच. त्याला कारण नाहीं आणि त्यावर इलाजहि नाहीं! मी आज ज्या शॉर्ट सर्किटाविषयीं बोलणार आहें तें मात्र आगीचे लोळ उठविणारें नव्हे. तें राईएवढें असतें. पुष्कळदां राईहूनहि लहान. हातानें झाळलेल्या सर्किटच्या बोर्डावर दोन डागांच्या मध्यें तें दडून बसतें. परंतु स्वभावानें तें थोरल्या भावंडासारखेंच आहे. आणि धाकटें ओळखतां आलें म्हणजे थोरल्याशीं कसें वागावें हेंहि समजूं लागतें.

हा विषय घरगुती श्रोत्यांपुढें कां मांडावा, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर असें कीं, हा उद्योग आतां कारखान्याच्या भिंतींआड राहिलेला नाहीं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेंत गेलें असतां भोकें पाडलेला कोरा बोर्ड, ज्याला दुकानदार "झिरो पीसीबी" म्हणतात तो, शिवाय रेझिस्टर, कपॅसिटर, आयसी आणि कथिलाच्या तारेचें रीळ, हें सारें थोडक्या पैशांत मिळतें. कितीतरी घरांतून एखादा मुलगा किंवा मुलगी सुटीच्या दिवसांत घड्याळ, तापमापक, नाहीं तर झाडांना पाणी घालणारें यंत्र जुळवीत बसलेली दिसते. चार रात्री खपून बोर्ड तयार होतो. घरची मंडळी भोंवतीं जमतात. बटण दाबलें जातें. आणि कांहींच होत नाहीं! दिवा लागत नाहीं, एखादा भाग तापतो, करपल्याचा वास येतो. यानंतर काय घडतें हेंच महत्त्वाचें. बहुधा तो बोर्ड खणांत पडतो, खणांतून भंगारवाल्याकडे जातो, आणि "हें आपल्याला जमणारें नव्हे" हा समज त्या मुलाच्या मनांत कायमचें घर करतो. वास्तविक बोर्डावरचे सगळे भाग शाबूत असण्याचाच संभव मोठा असतो. बिघाड असतो तो एका डागाचा. कथिलाच्या एका कणानें एका जीवाची उमेद हिरावून घ्यावी, ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. ती हिरावली जाऊं नये, एवढाच माझ्या आजच्या भाषणाचा हेतु आहे.

प्रथम शॉर्ट सर्किट म्हणजे काय तें पाहूं. धरणाचें पाणी पाटानें शेतावर येतें, वाफ्यावाफ्यांतून फिरतें, पिकाला पोसतें आणि उरलेलें खालच्या अंगाला निघून जातें. विजेचा प्रवाहहि असाच एका टोंकाकडून निघतो, दिवा, मोटार, आयसी अशा भागांतून आपलें काम करीत फिरतो आणि दुसऱ्या टोंकाला परत येतो. आतां वरच्या अंगालाच पाटाला भगदाड पडलें तर काय होईल? सारें पाणी शेत सोडून ओढ्याकडे धांव घेईल. पीक वाळेल आणि भगदाडापाशींची माती खचेल. शॉर्ट सर्किट हें असें भगदाड होय. प्रवाहाला कामाची लांब वाट सोडून जवळची वाट सांपडते. जेथें वीज हवी तेथें ती पोंचत नाहीं आणि जेथें नको तेथें तिचा लोंढा वाहतो.

हा लोंढा केवढा असतो याचा हिशेब गेऑर्ग ओहम या जर्मन शास्त्रज्ञानें १८२७ सालीं प्रसिद्ध केलेल्या नियमानें करतां येतो. दाबाला रोधानें भागलें कीं प्रवाह निघतो. पांच व्होल्टांचा दाब आणि अडीचशें ओहमांचा रोध असला तर प्रवाह २० मिलिअँपिअर होतो; एक लहानसा दिवा त्यावर छान लागतो. त्याच दोन तारांच्या मध्यें कथिलाचा थेंब पडून रोध एक-दशांश ओहमावर आला, तर गणितानें प्रवाह ५० अँपिअर व्हावयास हवा. लहान अडॅप्टरला एवढी ताकद नसते. तो दम टाकतो, त्याचा दाब कोसळतो, आणि बोर्ड मेल्यासारखा दिसतो. परंतु लिथियमच्या सेलची गोष्ट वेगळी. त्याच्या अंगीं दहा-वीस अँपिअर सहज देण्याची धमक असते आणि तो तापून पेट घेऊं शकतो. म्हणून नव्या, न तपासलेल्या बोर्डाला लिथियमचा सेल कधींहि थेट जोडूं नये. या भाषणांतील दुसरें कांहीं लक्षांत राहिलें नाहीं तरी चालेल; एवढें मात्र राहूं द्यावें.

आतां आपल्या बोर्डाकडे वळूं. पूर्वीं रेडिओच्या पोटांत तारांचें जंजाळ असे. त्या तारांच्या जागीं पाटीवर तांब्याच्या पातळ पट्ट्या उमटविण्याची कल्पना पॉल आइस्लर या ऑस्ट्रियन इंजिनिअरनें १९३६ च्या सुमारास लंडनमध्यें रेडिओ-संचासाठीं उपयोगांत आणली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तिचा जगभर प्रसार झाला. या पट्ट्यांचा तांब्याचा थर बहुधा ३५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या सुमारें अठ्ठाविसाव्या हिश्शाइतका जाड असतो. आपल्या झिरो पीसीबीवर भोकाभोंवतीं तांब्याची चकती असते. एका भोकापासून दुसऱ्या भोकाचें अंतर २.५४ मिलिमीटर, म्हणजे इंचाचा बरोबर दहावा भाग. आणि दोन चकत्यांच्या मध्यें मोकळी जागा उरते ती एक मिलिमीटरहूनहि कमी. शिवाय कारखान्यांतील बोर्डावर जो हिरवा लेप असतो तो पट्ट्या झांकतो आणि कथिलाला पसरूं देत नाहीं. कित्येक स्वस्त झिरो बोर्डांवर तो लेपच नसतो. तेव्हां कथील चार पावलें भलतीकडे गेलें तर त्याला अडविणारें कोणी नसतें.

एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊं. हौशी मंडळींच्या हातीं फार वेळां येणारा एटीमेगा ३२८ हा अठ्ठावीस पायांचा आयसी आहे. त्याचा सातवा पाय पांच व्होल्टांचा आणि त्याला लागूनच असलेला आठवा पाय ग्राउंडचा. विजेचें येणें आणि विजेचें जाणें अशी एकमेकांच्या शेजारीं! या दोन पायांच्या डागांमध्यें कथिलाचा पूल झाला कीं सबंध बोर्डाचा पुरवठा तेथेंच संपला. दुसऱ्या दोन पायांमध्यें पूल झाला तर कदाचित् एखादा दिवाच लागणार नाहीं, किंवा दोन दिवे एकदम लागतील; पण सात आणि आठ यांच्या मध्यें झाला तर सगळाच अंधार.

हे पूल होतात कसे? ज्यांनीं कल्हईवाल्याला भांडें तापवितांना पाहिलें आहे त्यांना हें सांगणें सोपें आहे. भांडें पुरतें तापल्याशिवाय आणि नवसागरानें त्याचें अंग स्वच्छ केल्याशिवाय कथील त्यावर धरत नाहीं. धरलें कीं मात्र फडक्याच्या एका फटकाऱ्यानें सर्वभर पसरतें. बोर्डाचें कथीलहि असेंच. त्रेसष्ट भाग कथील आणि सदतीस भाग शिसें यांचें मिश्रण १८३ अंश सेंटिग्रेडला वितळतें. नवसागराचें काम येथें राळ करते, आणि ती तारेच्या पोटांतच भरलेली असते. नवसागर किंवा पत्र्याच्या कामाचें तेजाब मात्र येथें चुकूनहि वापरूं नये. त्यांचा उरलेला अंश तांबें खातो आणि ओल धरून वीज झिरपूं देतो. राळ ताजी असेल तोंपर्यंत वितळलेलें कथील आपल्या अंगच्या ताणानें डागावर गोळा होऊन बसतें. आयर्न फार वेळ टेकवून राळ जळून गेली, कीं त्याच कथिलाला शेपटी फुटते, आणि आयर्न उचलतांना ती शेपटी शेजारच्या डागावर जाऊन पडते. गरजेहून जास्त कथील घातलें तरी हेंच होतें.

परंतु सर्व दोष कथिलाच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं. पुष्कळ तंतूंची तार भोकांत घालतांना एखादा तंतु बाहेर राहतो आणि शेजाऱ्याला शिवतो. कापलेल्या पायांचे तुकडे बोर्डाखालीं अडकून राहतात. तापलेल्या आयर्नचा स्पर्श होऊन तारेवरचें आवरण वितळतें. नऊ व्होल्टांचे पांच करणारा ७८०५ हा तीन पायांचा भाग असतो; त्याच्या पाठीचा पत्रा आंतून मधल्या, म्हणजे ग्राउंडच्या, पायाशीं जोडलेला असतो, आणि तो पत्रा दुसऱ्या उघड्या धातूला टेकला तरी शॉर्ट होतें. एखादा डायोड किंवा कपॅसिटर उलटा बसला तर कथिलाचा कण न सांडतांहि जवळची वाट तयार होते. फार काय, शुद्ध कथिलाच्या मुलाम्यावर केसासारखे सूक्ष्म तंतु आपोआप उगवतात, असाहि अनुभव आहे. १९९८ च्या मे महिन्यांत गॅलक्सी ४ नांवाचा दळणवळणाचा उपग्रह निकामी होऊन अमेरिकेंतील बहुतेक पेजर मुके झाले. त्याचें कारण म्हणून अशाच कथिलाच्या केसांकडे बोट दाखविण्यांत आलें. जो शत्रु अंतरिक्षांतल्या यंत्राला चकवितो तो आपल्या टेबलावर एखाद्या वेळीं जिंकला, तर त्यांत मुलांनीं खट्टू होण्याचें कारण नाहीं.

आतां शोधाकडे येऊं. पहिला नियम असा कीं, शंका आली कीं वीज तोडावी आणि शोध संपेपर्यंत ती पुन्हां देऊं नये. "एकदां आणखी बटण दाबून पाहूं" हा मोह अनावर असतो. पण ज्या प्रयोगानें कांहीं नवें कळत नाहीं आणि नुकसान मात्र होऊं शकतें, तो प्रयोग नव्हे, हट्ट होय. बोर्ड सुटा करावा, मोठे कपॅसिटर रिकामे होण्यास थोडा अवधि द्यावा, आणि सॉकेटांत बसविलेले आयसी काढून बाजूस ठेवावे.

दुसरें काम डोळ्यांचें. जुन्या दांतघांसणीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून बोर्डाची झाळलेली बाजू घांसावी. राळेचा पिवळा थर निघाला म्हणजे त्याखालीं झांकलेले पूल उघडे पडतात. आणि पुष्कळदां अडकलेला तंतु किंवा तुकडा या घांसण्यानेंच निघून जातो. नंतर एक साधें भिंग घ्यावें आणि दिवा वरून न धरतां तिरका धरावा. तिरक्या उजेडांत प्रत्येक डागाची सावली वेगळी पडते. जेथें दोन सावल्यांच्या मध्यें खंड नाहीं तेथें पूल असण्याचा संशय धरावा. बोर्ड काचतंतूंचा असेल तर तो दिव्यासमोर धरून पारहि पाहावें. डोळ्यांनीं हा शोध भरभर घेऊं नये. ओळीमागून ओळ, डावीकडून उजवीकडे, पोथी वाचावी तसा बोर्ड वाचावा. घाईघाईनें नजर फिरविणाऱ्याला जें असावें असें वाटतें तेंच दिसतें. जें आहे तें दिसत नाहीं.

तिसरें काम मल्टिमीटरचें. मीटरच्या दोन्ही टोंकण्या प्रथम एकमेकींना टेकवाव्या आणि येणारा आंकडा लिहून ठेवावा. तो बहुधा अर्ध्या ओहमाच्या आंतबाहेर असतो. तो त्या टोंकण्यांच्या तारांचाच रोध. नंतर बोर्डाच्या पांच व्होल्टांच्या आणि ग्राउंडच्या टोंकांमध्यें मोजावें. आंकडा पहिल्याइतकाच आला तर पुरवठ्यावर सरळसरळ पूल आहे. येथें एका गोष्टीविषयीं सावध राहिलें पाहिजे. मीटर "पीं" करून वाजला कीं शॉर्ट सांपडलें, अशी पुष्कळांची समजूत असते. कित्येक मीटर तीस, कांहीं तर पन्नास ओहमांपर्यंतहि वाजतात. आणि मोटारीचें किंवा रिलेचें वेटोळें, लहान रेझिस्टर, हे भाग निर्दोष असूनहि वाजूं शकतात. तेव्हां कानावर विसंबूं नये, आंकडा वाचावा. मोठा कपॅसिटर असेल तर मीटर क्षणभर वाजतो आणि मग गप्प होतो; कपॅसिटर भरत असल्याची ती खूण, दोषाची नव्हे. टोंकण्या उलटसुलट करूनहि पाहावें. दोन्ही बाजूंनीं सारखाच नगण्य रोध दिसला तर धातूचा पूल. एका बाजूनें कमी आणि दुसऱ्या बाजूनें जास्त दिसला तर मध्यें डायोड किंवा आयसीचे अंतर्भाग आहेत असें समजावें.

पूल आहे हें कळलें, पण कोठें? शोधाचें खरें मर्म येथें आहे. बोर्डावर शंभर डाग असले तर शंभर ठिकाणीं मीटर लावणारा मनुष्य उद्योगी खरा, पण शहाणा नव्हे. कारण पुरवठ्याच्या दोन तारा जेथें जेथें जातात तेथें तेथें मीटर तेंच दाखविणार. त्यापेक्षां बोर्डाचे दोन भाग करावे. मधली जोडतार सोडवावी आणि कोणत्या अर्ध्यांत दोष राहिला तें पाहावें. निर्दोष अर्धें बाजूस ठेवून दोषी अर्ध्याचे पुन्हां दोन भाग करावे. सोळा विभाग असले तर चारच वेळां मोजून दोषी विभाग हातीं येतो. गर्दींत हरवलेला मनुष्य एकेकाचें तोंड पाहून शोधण्यापेक्षां "मांडवाच्या या बाजूला आहे कीं त्या?" असें विचारीत जाणें जसें सोयीचें, तसेंच हें.

जेथें तारा सोडविणें शक्य नाहीं, तेथें एक सुंदर युक्ति आहे. दीड व्होल्टाचा साधा सेल घ्यावा आणि त्याच्याशीं दहा ओहमांचा, अर्ध्या वॉटचा रेझिस्टर एकसरींत जोडावा. आतां शॉर्टांतून फार तर १५० मिलिअँपिअर प्रवाह जाईल. कांहीं जळणार नाहीं. हा प्रवाह बोर्डाच्या पुरवठ्याच्या टोंकांतून सोडावा आणि मीटर मिलिव्होल्टांवर ठेवावा. एक मिलिमीटर रुंद, ३५ मायक्रॉन जाड आणि दहा सेंटिमीटर लांब अशा तांब्याच्या पट्टीचा रोध सुमारें ४९ मिलिओहम असतो. म्हणजे तिच्या दोन टोंकांत या प्रवाहानें सात मिलिव्होल्टांचा फरक पडेल. साधा डिजिटल मीटर मिलिव्होल्टाचा दहावा भागहि दाखवितो. तेव्हां हा फरक त्याला खूप झाला. आतां एक टोंकणी पांच व्होल्टांच्या पट्टीवर आणि दुसरी तिच्या जवळच्या ग्राउंडच्या पट्टीवर, अशा जोडीनें पुढें पुढें सरकावें. पुलाच्या दिशेनें जातांना आंकडा उतरत जाईल, पुलापाशीं सर्वांत कमी होईल, आणि त्याच पट्टीनें पुलाच्या पलीकडे गेलें तर तेवढाच स्थिर राहील. कारण पलीकडे प्रवाहच जात नाहीं. पाटाचें पाणी कोठपर्यंत वाहतें आहे हें पाहून भगदाड कोठें आहे तें ओळखावें, तसाच हा प्रकार. आपल्या उदाहरणांत आंकडा उतरत उतरत आयसीच्या सातव्या आणि आठव्या पायांपाशीं तळाला गेला, तर भिंग तेथेंच रोखावें.

ज्यांच्यापाशीं प्रवाहाला मर्यादा घालतां येणारा पुरवठा आहे, त्यांना आणखी एक उपाय करतां येतो. दाब अर्ध्या-एक व्होल्टाच्या वर जाऊं न देतां अर्धा-एक अँपिअर सोडावा आणि बोर्डावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा पातळ हात फिरवावा. ज्या भागांतून लोंढा जात असेल तो तापतो आणि तेथलें द्रव्य आधीं उडतें. बिघडलेला कपॅसिटर किंवा आयसी असा पुष्कळदां हातीं लागतो. परंतु हें द्रव्य ज्वालाग्राही आहे. खिडकी उघडी ठेवावी, आयर्न बंद करून दूर ठेवावें, आणि घरच्या २३० व्होल्टांच्या विजेशीं जोडलेल्या बोर्डावर हा प्रयोग मुळींच करूं नये. खरें म्हणजे मुलांच्या कामांत २३० व्होल्टांचा भाग असूंच नये. तयार, चांगल्या प्रतीचा अडॅप्टर घेऊन त्याच्या पुढचेंच काम घरीं करावें.

दोष सांपडला म्हणजे दुरुस्तीला फारसा वेळ लागत नाहीं. पुलावर थोडी राळ किंवा फ्लक्स लावावा, आयर्नचें टोंक ओल्या स्पंजावर पुसून स्वच्छ करावें, आणि तें पुलावर दोन-तीन सेकंद टेकवून दोन डागांच्या मधून ओढून घ्यावें. ताज्या राळेच्या सान्निध्यांत कथील पुन्हां आपल्या ताणानें दुभंगतें आणि ज्याच्या त्याच्या चकतीवर जाऊन बसतें. कथीलच जास्त असेल तर तांब्याच्या तारांची विणलेली पट्टी, जिला विक म्हणतात, ती पुलावर ठेवून वरून आयर्न दाबावें. दिव्याची वात तेल शोषते तशी ती कथील शोषून घेते. एकदां जमलें नाहीं तर डाग निवूं द्यावा आणि मग पुन्हां हात घालावा. सारखें तापवीत राहिल्यास तांब्याची चकती पाटीपासून सुटते, आणि पूल मोडतांना रस्ताच उखडल्यासारखें होतें. कांहीं धाडसी लोक मोठा प्रवाह सोडून पूल जाळून टाकतात. ही रीत वाईट. कथिलाचा थेंब जाड आणि तांब्याची पट्टी पातळ. आधीं कोण जळेल हें सांगावयास ज्योतिषी नको.

दुरुस्तीनंतर आधीं बोर्ड धुवावा, मग मोजावा आणि मगच वीज द्यावी. हा क्रम मोडूं नये. पहिल्यानें आयसी न बसवितां वीज द्यावी आणि सॉकेटाच्या सातव्या व आठव्या भोकांत पांच व्होल्ट येतात कीं नाहीं तें पाहावें; नंतर आयसी बसवावा. याहूनहि चांगली रीत म्हणजे बोर्ड बांधतांनाच तपासत जाणें. पुरवठ्याच्या दोन तारा टाकल्या कीं मोजावें. सॉकेट झाळलें कीं मोजावें. प्रत्येक टप्प्याला अर्धा मिनिट लागतो. सबंध बोर्ड झाल्यावर पहिल्यानें मोजणाऱ्याला शंभर डागांवर संशय घ्यावा लागतो. प्रत्येक टप्प्याला मोजणाऱ्याला शेवटच्या चार-पांचांवरच.

कोंकणांत किंवा मुंबईंत राहणाऱ्यांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. उन्हाळ्यांत बिनतक्रार चालणारा बोर्ड आषाढांत वेडेवांकडें वागूं लागतो. तेथें पूल नसतो. डागांभोंवतीं राहिलेला फ्लक्सचा मळ हवेंतील ओल धरतो आणि त्यांतून वीज थेंबाथेंबानें झिरपते. मीटर शून्य दाखवीत नाहीं; जेथें कांहींच रोध दिसूं नये इतका तो मोठा असावयास पाहिजे तेथें तो हजारांत किंवा लाखांत दिसतो. स्वच्छ धुणें, पुरतें वाळविणें आणि वरून वार्निशचा पातळ हात देणें, हाच यावर उपाय. शिशाच्या कथिलाविषयींहि दोन शब्द बोलले पाहिजेत. युरोपांत १ जुलै २००६ पासून बहुतेक विद्युत्-उपकरणांत शिसें वापरण्यावर निर्बंध आला. हौशी कामांत तें अजून सर्रास मिळतें; म्हणून काम झाल्यावर हात साबणानें धुवावे, झाळण्याच्या टेबलावर खाऊंपिऊं नये, आणि राळेचा धूर नाकांत जाऊं देऊं नये. दम्याच्या माणसाला तो विशेष बाधतो.

शेवटीं, या धाकट्या शॉर्ट सर्किटावरून थोरल्याविषयीं काय शिकावयाचें तें सांगतों. आपल्याकडे फ्यूज उडाला कीं त्या जागीं जाडशी तार पिळून बसविण्याची आणि "आतां पुन्हां उडणार नाहीं" म्हणून समाधान मानण्याची संवय फार जुनी आहे. फ्यूज उडणें हा दोष नव्हे. ती दोषाची वर्दी आहे. वर्दी देणाऱ्या पहारेकऱ्याचें तोंड बांधलें म्हणून चोर घराबाहेर जात नाहीं. फ्यूज उडाला, एमसीबी पडला, कीं तो दामटून वर करण्यापूर्वीं प्रवाहाला जवळची वाट कोठें सांपडली याचा शोध जाणत्याकडून करवून घेतला पाहिजे. वर्तमानपत्रांतल्या त्या आगींपैकीं कित्येकींच्या मुळाशीं अशीच एखादी न ऐकलेली वर्दी असते.

म्हणून माझी वडील मंडळींना विनंति अशी आहे: घरांतल्या मुलाचा बोर्ड चालला नाहीं तर त्याला नवा आणून देण्याची घाई करूं नये, आणि हा नाद सोड म्हणूनहि सांगूं नये. त्याच्या हातीं एक भिंग आणि एक मीटर द्यावा, आणि "कोठें आहे?" एवढाच प्रश्न विचारावा. वीज तोडणें, डोळे उघडे ठेवून पाहणें, मोजणें, अर्धें अर्धें करीत जाणें, आणि दुरुस्त झालें असें म्हणण्यापूर्वीं पुन्हां मोजणें, या पांच गोष्टी ज्याच्या अंगवळणीं पडल्या, त्याला पुढें आयुष्यांत कोणताहि बिघाड दैवी वाटणार नाहीं. बोर्ड चालला तर आनंदच आहे. पण तो चालण्यापूर्वीं जी दृष्टि तयार झाली तिचें मोल बोर्डाहून अधिक आहे.